पुडीत काय आहे?

स्नेहल (सी-१०२): नमस्कार सगळ्यांना. मुलाचं नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखताच, पण ग्रुपवर नको. वय ८, तिसरीत आहे. शाळेतून दुसऱ्यांदा चिठ्ठी आली. पेपर अर्धा सोडून खिडकीपाशी जाऊन उभा राहतो, बाटली नाहीतर स्वेटर रोज कुठेतरी विसरून येतो, मध्येच उठून दुसऱ्याच्या बाकावर जातो. मागच्या महिन्यात डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनना, म्हणजे मुलांची वाढ आणि वागणूक बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवलं. दोन लांब भेटी झाल्या, शाळेच्या बाईंकडून आणि आमच्याकडून फॉर्म भरून घेतले. एडीएचडी आहे म्हणाल्या, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलता आवरत नाही. त्यासाठी मिथाइलफेनिडेट नावाची गोळी लिहून दिलीय. अकरा दिवस प्रिस्क्रिप्शन पर्समध्ये आहे, औषध आणलेलं नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्या लहान वयात मेंदूची गोळी नको, त्यांच्या ओळखीचे एकजण बुद्धिवर्धक चूर्णाच्या पुड्या देतात, तीन महिने ते करून बघू. रात्री झोप लागत नाही मला. कुणाच्या घरी हे झालं असेल तर सांगाल का?

प्रशांत (बी-५०३): वहिनी, मुलगा आहे, मस्ती करणारच. आम्ही काय कमी मार खाल्लाय शाळेत? मोबाइल बंद करा आणि संध्याकाळी दोन तास खाली पाठवा. माझा धाकटाही असाच आहे.

गीता टीचर (ए-५०१): प्रशांत, मी ३१ वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. मस्तीखोर पोराला गरज पडली की थांबता येतं. बाईंचा डोळा वटारला की तो बसतो, परीक्षेच्या दिवशी बसतो. या मुलांना थांबायचं असतं, पण थांबता येत नाही, आणि त्याबद्दल दिवसभर बोलणी खातात. माझ्या वर्गात एक मुलगा होता, गणित तोंडी विचारलं तर फाडफाड सांगायचा आणि वहीत पाचव्या उदाहरणानंतर नुसत्या रेघोट्या. मी त्याला आळशी म्हणायचे. आज ते आठवलं की वाईट वाटतं. आणि एक लक्षात ठेवा, मुली बऱ्याचदा दंगा करत नाहीत, शांत बसून भलतीकडेच हरवलेल्या असतात. त्या तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

स्नेहल, फक्त शाळेत असं होतं का? डॉक्टर हे विचारतातच. घर, शाळा, क्लास अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवं, सहा महिने तरी चालू हवं आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेलं हवं. एकट्या बाईंच्या तक्रारीवर कुणी ठरवू नये.

स्नेहल (सी-१०२): टीचर, घरी पण तेच. वरण-भाताचे चार घास खायला तीनदा उठतो. पहिलीपासून आहे.

आबा (ए-२०३): बेटा स्नेहल, काळजी करू नकोस. आपल्या शास्त्रात याला उत्तम उपाय आहेत. ब्राह्मीघृत, शंखपुष्पी, पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन. गोळ्यांनी पोरं मलूल होतात असं ऐकलंय. तुझ्या सासूबाई ज्यांच्याबद्दल बोलतायत त्या गृहस्थांना मी ओळखतो. आमच्या नातीला तीच पुडी सहा महिन्यांपासून मधातून देतोय. काही अपाय नाही. निसर्गाचं ते निसर्गाचं.

मुग्धा (बी-४०१): स्नेहल, उशिरा लिहितेय, आत्ता स्वयंपाक आवरला. मोठं होईल, पण वाच.

माझा मुलगा आता नववीत आहे. त्याला आठव्या वर्षी हेच सांगितलं होतं आणि मी दीड वर्ष गोळी दिली नाही. घाबरले होते. त्या दीड वर्षात जे जे कुणी सांगितलं ते केलं, आणि एक गोष्ट बरी केली, वही ठेवली. शंभर पानी. डावीकडे तारीख आणि त्या दिवशी काय दिलं, उजवीकडे तीनच गोष्टी: गृहपाठाला किती वेळ लागला, किती वेळा जागेवरून उठला, रडारड झाली की नाही. त्यामुळे आज अंदाजाने बोलत नाहीये.

साखर पूर्ण बंद केली, दोन महिने. वाढदिवसाला केक नाही, श्रीखंड नाही. वहीत काडीचा फरक नाही. नंतर कळलं की हे १९९५ मध्येच तपासून झालंय, तोवर झालेले अभ्यास एकत्र केल्यावर साखरेने मुलांचं वागणं बदलतं असं दिसलं नव्हतं. रंगांचं मात्र तसं नाही. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला सर्वसाधारण मुलांवर प्रयोग झाला, काही कृत्रिम रंग आणि एक प्रिझर्व्हेटिव्ह मिसळलेलं पेय देऊन. काही मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. तेव्हा लाल-पिवळ्या गोळ्या-जेली आमच्या घरी अजूनही येत नाहीत, पण तेवढ्याने पोरगं बाकावर बसलं नाही.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल तीन महिने. अभ्यासांमध्ये ओमेगा-३चा फायदा दिसतो, पण फार छोटा, औषधाच्या जवळपासही नाही. आमच्याकडे मला काही जाणवलं नाही.

ब्राह्मी चांगल्या वैद्यांकडून घेतली, सील केलेली बाटली. सुरुवातीला पोट बिघडलं, मग ठीक झालं. पाठांतर थोडं सुधारल्यासारखं वाटलं, पण उठणं-बसणं तेवढंच. ब्राह्मीवर मुलांमध्ये अभ्यास झालेत, पण लहान लहान. आणि आबा, एक गंमत कळली, आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकतात. एक बारीक जाड पानांची जलब्राह्मी, दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. दोन्ही चांगल्या, पण एकीवरचा अभ्यास दुसरीला लागू होत नाही.

सगळ्यात जास्त फरक नैसर्गिक म्हणाल तर दोन गोष्टींनी पडला. झोप, म्हणजे साडेनऊला दिवा बंद, टीव्ही आमचाही बंद. आणि रोज संध्याकाळचं पोहणं. पोहून आला की तास-दीड तास डोकं ठिकाणावर असायचं. हे मी आजही सोडलेलं नाही.

मग दुसऱ्या वर्षी त्याने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, "मी मठ्ठ आहे." असं ठसठशीत, पेन कागदातून आरपार गेलेलं. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, उद्या गोळी आणायची.

स्नेहल (सी-१०२): मुग्धाताई 🙏 मग?

मुग्धा (बी-४०१): पहिल्या आठवड्यात अगदी कमी डोस, मग दर आठवड्याला बघून हळूहळू वाढवला. त्याआधी डॉक्टरांनी वजन, उंची, बीपी, नाडी बघितली, घरात कुणाला लहान वयात हृदयाचा त्रास होता का विचारलं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, कान-डोळे हे तपासून झालं होतं. रात्री घोरतो का हेही विचारलं, ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढले असतील तर झोपच नीट होत नाही आणि दिवसा पोर असंच वागतं. स्नेहल, तुझ्या डॉक्टरांनी यातलं काही केलं नसेल तर आठवण कर.

तिसऱ्या आठवड्यातला एक बुधवार. मी भाकरी थापत होते, तो ओट्याशेजारच्या स्टुलावर मराठीचा धडा लिहीत होता. भाकऱ्या झाल्या, भाजी झाली, मी हात धुतले तेव्हा लक्षात आलं की तो एकदाही उठला नाही. मलूल नव्हता आबा. मध्ये मध्ये मला "आई, किल्ल्यातला ल्ल कसा काढू" विचारत होता.

आता दुसरी बाजू. डबा जसाच्या तसा परत यायला लागला. दुपारी भूकच नाही. तीन महिन्यांत दीड किलो वजन उतरलं. पोटात दुखतं म्हणायचा, झोप उशिरा लागायची. मी गोळी बंद करायला निघाले होते. डॉक्टर म्हणाल्या, आधी वेळ बदलू. मग सकाळी गोळीच्या आधी भरपेट, थालीपीठ आणि लोणी, अंडं, दूध. डबा छोटा, त्यात शेंगदाण्याचा लाडू. रात्री साडेआठला परत दुसरं जेवण, तेव्हा असर उतरलेला असतो, तुटून पडायचा. वजन भरून आलं. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, एक-दोन सेंटिमीटरचा, म्हणून दर सहा महिन्यांनी आलेखावर टिंब मारून घेतो.

प्रशांत (बी-५०३): ताई, सवय नाही लागत? ही उत्तेजक म्हणतात ना? चंचल मुलाला उत्तेजक द्यायचं हे डोक्यात बसत नाही.

वर्षा (डी-३०१): हे मी सांगते, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. मेंदूचा जो भाग थांब, ऐक, मग कर असं सांगतो, तिथे डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतली रसायनं कमी पडतात, ती हे औषध टिकवून धरतं. म्हणजे लगाम धरणारा जागा होतो, म्हणून मूल स्थिर होतं. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांना याच प्रकारच्या औषधाने हे पहिल्यांदा दिसलं, नवीन खूळ नाही. साधी गोळी चारेक तास चालते, मग शरीरातून जाते. सांगितलेल्या डोसमध्ये घेणाऱ्या मुलांना पुढे व्यसनं जास्त लागतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दुरुपयोग मात्र होऊ शकतो, म्हणूनच ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवतो, साठा कुलपात. सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही ते याचसाठी. घरीही कुलपात ठेवा, आणि भावंडाला "अभ्यासाची गोळी" म्हणून कधीही देऊ नका. उत्तेजक सोसलं नाही तर ॲटोमॉक्सेटिनसारखी वेगळी औषधं आहेत, ती काम करायला चार-सहा आठवडे घेतात.

आणि आबा, रागावू नका. त्या पुडीत काय आहे?

आबा (ए-२०३): जडीबुटी आहे बेटा. फॉर्म्युला त्यांच्या आजोबांपासूनचा आहे, ते सांगत नाहीत.

वर्षा (डी-३०१): आबा, मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझी आई पोटासाठी वैद्यांचंच घेते. पण परवाना असलेल्या आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी, लायसन्स नंबर, बॅच, बनवणाऱ्याचा पत्ता हे सगळं छापावंच लागतं, कायदा आहे. सुट्या पुडीवर काहीच नसतं. २००८ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. भस्म घातलेल्या औषधांत जास्त. आणि शिसं मुलांच्या शरीरात गेलं की सगळ्यात आधी काय बिघडवतं माहितीये? लक्ष आणि बुद्धीच. सुरक्षित अशी त्याची पातळीच नाही. म्हणजे ज्यासाठी पुडी द्यायची तेच बिघडायचं. ती पुडी तशी असेलच असं मी म्हणत नाही. पण गोळीच्या पाकिटावर काय आहे ते आपण दहादा वाचतो, मग पुडीला तोच प्रश्न का नाही विचारायचा?

मुग्धा (बी-४०१): वर्षा, अगदी हेच. मी दीड वर्ष गोळीचे दुष्परिणाम गूगल करत बसले आणि काढ्याला एक प्रश्न विचारला नाही.

स्नेहल, अजून एक, नाहीतर वाटेल गोळी दिली की संपलं. १९९९ चा एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे, ५७९ मुलं, चौदा महिने. चंचलता आणि लक्ष यांवर नीट देखरेखीत दिलेल्या औषधाचा परिणाम नुसत्या वागणुकीच्या उपचारापेक्षा जास्त होता. पण जिथे दोन्ही दिलं तिथे आईवडिलांशी नातं, मित्र, अभ्यास यांत मुलं बरी होती. आणि तीन वर्षांनी गटांमधला फरक पुसला गेला होता. म्हणजे गोळी आयुष्यभराचं उत्तर नाही, ती खिडकी उघडते. त्या वेळात शिकवायचं आपल्याला. आम्ही दोघांनी पालकांचं ट्रेनिंग घेतलं. एका वेळी एकच सूचना, लांबून ओरडून नाही, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. "दप्तर भर, बूट घाल, बाटली घे" असं सलग नाही. झालं की लगेच, त्याच क्षणी शाबासकी. फ्रिजवर तक्ता, पाच चांदण्या झाल्या की रविवारी बाबांबरोबर सायकल. सहा वर्षांखालच्या मुलांना तर आधी हेच करायला सांगतात, औषध नंतर.

गीता टीचर (ए-५०१): आणि लिहिण्या-वाचण्याची अडचणही बरोबर आहे का ते तपासून घ्या, बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. आपल्याला डोंबिवलीहून सायन हॉस्पिटलचं लर्निंग डिसेबिलिटी क्लिनिक आहे. वेळ लागतो, पण प्रमाणपत्र असलं की पुढे परीक्षेत जादा वेळ मिळतो. शाळेशी मी बोलेन हवं तर, पुढच्या बाकावर बसवा आणि फळा पुसायला, वह्या वाटायला त्यालाच उठवा. तसंही उठणार आहे, मग कामाने उठू दे.

स्नेहल (सी-१०२): डोळे भरून आले. घोरतो तो रात्री, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. शनिवारी परत जाते, रक्ताचंही विचारते. पण घरी काय सांगू? सासूबाई त्याच्याचसाठी घाबरल्यात, त्यांना वाईट वाटेल असं मला बोलायचं नाहीये.

मुग्धा (बी-४०१): रात्री एकट्याने जागू नकोस, फोन कर. आणि मनावर जास्तच आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. माझी वही उद्या वॉचमनकडे ठेवते.

आबा (ए-२०३): मी आत्ता त्या गृहस्थांना फोन केला. पुडीत काय आहे विचारलं. विश्वास नसेल तर घेऊ नका म्हणाले.

आबा (ए-२०३): सुनेला सांगितलंय. नातीला आजपासून बंद. वर्षा बेटा, शिशासाठी रक्त कुठे तपासतात?

वर्षा (डी-३०१): आबा, उद्या दुपारी माझ्याबरोबर चला. उरलेल्या पुड्या फेकू नका, पिशवीत घालून आणा.

स्नेहल (सी-१०२): आबा, आमच्या सासूबाईंशी तुम्ही बोलाल का? तुमचं त्या ऐकतील.

आबा (ए-२०३): संध्याकाळी आरती झाली की येतो. नातीलाही आणतो, पोरं खेळतील.