पर्वती पुरत नाही हो

मित्राबरोबर रोज सकाळी पुण्यातली पर्वती टेकडी चढतोय, डिसेंबरात राजगड ते तोरणा हा ट्रेक एका दिवसात करायला एवढं पुरेल का असं एकाने विचारलंय, तर माझं मत, नाही पुरणार. पर्वतीला १०३ पायऱ्या, चार-पाच फेऱ्या मारल्या तरी दम वाढतो पण पायांना लांब चालायची सवय होत नाही. रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड करा, खाली या आणि परत चढा, दोघांच्या सॅकमध्ये तीन-तीन लिटर पाणी टाकूनच, कारण राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडलात की तोरण्यापर्यंतच्या डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा नाही.

उतरायची प्रॅक्टिस कोणीच करत नाही राव! तोरणा १४०३ मीटर, तिथून पायथ्याच्या वेल्ह्यात उतरताना आधीच दमलेले गुडघे बोंबलतात, घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या उतारावर) तर जास्तच. त्यामुळे सिंहगड उतरताना पळू नका, छोटी पावलं टाका, आणि शूज नवे असतील तर आत्तापासूनच वापरायला काढा.

आणि पार्टनरचं म्हणाल तर जो हळू चालतो त्याला पुढे ठेवा, फास्ट माणूस मागे. उलटं केलं की पुढचा थांबून आराम करतो, मागचा पोचला की हा लगेच निघतो, त्या बिचाऱ्याला ब्रेकच मिळत नाही (मग भांडणं). राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून उजाडायच्या आत निघा, तोरण्याच्या बुधला माचीजवळचा कातळटप्पा उजेडातच झाला पाहिजे. वेल्ह्याहून परतीच्या गाडीचं मात्र आधीच बघून ठेवा.