जुन्या अ‍ॅटलसमधले नकाशे कापून नेले जातात, ते कसं रोखावं?

दप्तरदार

एका संशोधन ग्रंथालयाच्या नकाशा विभागासाठी सुरक्षेचा आराखडा तयार करायचा आहे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातले बांधीव अ‍ॅटलस, सुटे ताव आणि प्रवासवर्णनांत घडी घालून शिवलेले नकाशे, असा तिन्ही प्रकारचा संग्रह आहे. तालिकेत (कॅटलॉगमध्ये) पुस्तकाची नोंद आहे, आतल्या नकाशांची नाही. निधी थोडा आहे आणि तो सगळा कॅमेऱ्यांवर खर्च करावा असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे.

कॅमेरे पुरेसे आहेत का? नसतील तर सुरुवात कुठून करावी? बांधीव अ‍ॅटलसमधलं एखादं पान गेलं तर ते त्याच दिवशी कळावं, यासाठी रोजच्या व्यवहारात काय बसवता येईल? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

होकायंत्र

नोंदीपासून सुरुवात करा, कॅमेरे नंतर. आपल्याकडे काय होतं हेच लिहिलेलं नसेल तर काय गेलं हे कळत नाही. चोर सापडला तरी त्याच्याकडचा नकाशा आपलाच आहे हे सिद्ध करता येत नाही. एडवर्ड फोर्ब्स स्मायली या नकाशा-व्यापाऱ्याने २००६ मध्ये ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. येल, हार्वर्ड, न्यूयॉर्क आणि बॉस्टनची सार्वजनिक ग्रंथालयं, शिकागोचं न्यूबेरी, लंडनची ब्रिटिश लायब्ररी, सगळीकडे त्याला जाणकार म्हणून मान होता. नंतर ग्रंथालयांनी आपापले संग्रह तपासले, तेव्हा कबुलीतल्या यादीत नसलेले आणखी नकाशेही जागेवर नव्हते. ते कोणी नेले हे ठरवायला कागदोपत्री आधारच नव्हता.

नोंद करताना खरी अडचण अशी की छापील नकाशा एकमेव नसतो. छपाईसाठी कोरलेल्या एकाच तांब्याच्या पत्र्यावरून शेकडो प्रती निघालेल्या असतात. त्यामुळे 'ऑर्टेलियसचा (सोळाव्या शतकातला नकाशाकार) आशियाचा नकाशा, रंगीत' एवढ्या नोंदीचा न्यायालयात काही उपयोग नाही. आपल्याच प्रतीत आहे ते टिपायला हवं. हाताने भरलेला रंग रेषेबाहेर कुठे गेला आहे, डाग कुठे आहेत, कसरीची छिद्रं कुठून कुठे जातात, मधल्या घडीला मागून लावलेली पट्टी, शिवणीची भोकं, जुन्या मालकाने पेन्सिलीने घातलेला आकडा. कसरीची छिद्रं फार मोलाची, कारण कीड एकामागोमाग एक पानं पोखरत जाते. गेलेल्या पानाच्या आधीच्या आणि नंतरच्या पानांवरची छिद्रं सापडलेल्या नकाशाशी जुळली, की तो पुरावा सहसा कोणी खोडू शकत नाही.

प्रत्येक तावाचे किमान तीन फोटो घ्या. पुढची बाजू मोजपट्टी आणि रंगपट्टीसह, मागची बाजू, आणि शक्य असेल तिथे पानाखाली पातळ एलईडी प्रकाशपट ठेवून पारप्रकाशात जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण. तापणारा दिवा वापरू नका. मागची बाजू बहुतेक जण वगळतात आणि तिथेच फसतात. ऑर्टेलियसच्या अ‍ॅटलसमध्ये नकाशाच्या पाठीवर मजकूर छापलेला असतो, आणि आवृत्तीगणिक त्याची भाषा आणि पृष्ठक्रमांक बदलतात. लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, इंग्रजी अशा आवृत्त्या निघाल्या. नकाशा कोणत्या आवृत्तीतून निघाला हे पाठ पाहून ठरवता येतं.

सगळ्या संग्रहाचं हे काम एकदम होणार नाही, म्हणून क्रम लावा. लिलावांचे भाव उघडपणे नेटवर असतात आणि चोर ते पाहूनच येतो. तुम्हीही ते पाहा आणि आपल्याकडचे सर्वाधिक मागणीचे शंभरेक नकाशे आधी घ्या. टॉलेमीच्या जुन्या आवृत्त्या, ऑर्टेलियस, मर्केटर, ब्लाऊ, स्पीड, सेलारियसचे तारानकाशे, अमेरिकेच्या किनाऱ्यांचे सुरुवातीचे नकाशे हे बहुधा वर येतील. प्रवासवर्णनांतले घडीचे नकाशे विसरू नका. पुस्तकाची किंमत साधी आणि आतल्या नकाशाची चढी असं तिथे नेहमी होतं, आणि ती पुस्तकं अनेकदा खुल्या कपाटात पडलेली असतात.

अ‍ॅटलसच्या प्रत्येक खंडासाठी पानवार यादी करून ती खंडाच्या पेटीत आणि संगणकावर, दोन्हीकडे ठेवा. आज जे नाही तेही तारखेसह लिहा. १५७० च्या पहिल्या ऑर्टेलियसमध्ये ५३ नकाशे असतात. तुमच्या प्रतीत ५१ असतील तर दोन आधीपासून नाहीत, ही नोंद आजच व्हायला हवी. नाहीतर उद्या तो संशय निर्दोष वाचकावर जाईल.

शिवणटाके

पान नेमकं कसं काढलं जातं हे माहीत असेल तर तपासताना नजर कुठे ठेवायची ते कळतं. एक रीत धारदार पात्याची. पातं बोटांत लपतं आणि शिवणीलगत एका ओढीत काप जातो. दुसरी ओल्या दोऱ्याची. दोरा भिजवून पानाच्या मुळाशी ठेवतात आणि पुस्तक मिटतात. ओलीने कागद मऊ पडतो आणि पान आवाज न होता सुटतं. पहिल्या रीतीत सरळ कडेची अरुंद पट्टी मागे राहते, दुसरीत तंतू सुटलेली लोकरी कड आणि कधी पाण्याचा डाग. म्हणून खंड परत घेताना नुसती पानं चाळू नका, शिवणीकडे पाहा. जुन्या अ‍ॅटलसमध्ये नकाशे मुळातच पट्टीला चिकटवून बांधलेले असतात, त्यामुळे पट्टी दिसली म्हणजे चोरी झाली असं नाही. पट्टीवर नकाशाची कड आहे की नाही ते महत्त्वाचं. आणखी एक खूण: पान गेलं की त्याच्या जोडपानाची, म्हणजे त्याच तावाच्या घडीतल्या दुसऱ्या पानाची, पकड जाते आणि शिवणीच्या पलीकडचं पान हलू लागतं.

त्याच दिवशी कळायला हवं असेल तर वजन करा. हातकागदाचं वजन साधारणपणे चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम धरा. ५० × ६० सेंमीचा ताव ०.३ चौरस मीटर, म्हणजे ३० ते ४५ ग्रॅम. पुस्तकातला २० × ३० सेंमीचा नकाशा फक्त ६ ते ९ ग्रॅमचा. म्हणून काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. ५ किंवा १० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा मोठा ताव पकडेल, छोटा निसटेल. तसंच वजन देताना आणि घेताना, दोन्ही वेळा त्याच दिवशी करायचं. मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करू नका, कारण कागद हवेतली ओल शोषतो. सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांनी वाढली की कागदाचं वजन ढोबळमानाने एक टक्क्याच्या आसपास वाढू शकतं. सहा किलोच्या अ‍ॅटलसमध्ये हा फरक ६० ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे एका मोठ्या नकाशापेक्षा जास्त. वाचनकक्ष आणि भांडार यांच्या हवेत फरक असेल तर खंड वाचनकक्षात आल्यावर वजन करा. खुणेच्या चिठ्ठ्या आणि टेकू बाजूला काढायला विसरू नका. वजन बरोबर आलं तरी पानं मोजायचीच, कारण तेवढ्याच वजनाचा दुसरा कागद आत सरकवणं अशक्य नाही.

पुस्तकाला लावायच्या चुंबकीय पट्ट्या आणि आरएफआयडी चिप यांच्यावर या संग्रहासाठी खर्च करू नका. चिप पुठ्ठ्याला असते, कापलेलं पान दारातून गेलं तर घंटा वाजत नाही. शिवाय त्यांचा गोंद जुन्या कागदाला घातक.

रेखांश

वाचनकक्षाबद्दल. कोट, जाकीट, पिशवी, छत्री, फाइल सगळं बाहेर. आत फक्त पेन्सिल, सुटे कोरे कागद आणि लॅपटॉप, आणि जाताना लॅपटॉप उघडून दाखवायचा. एका वेळी एकच खंड. सुटे ताव असतील तर एका फोल्डरमधले मोजून द्यायचे, वाचकासमोर मोजून घ्यायचे आणि दोघांनी चिठ्ठीवर आकडा लिहायचा. टेबलं कर्मचाऱ्याकडे तोंड करून, खाली आडोसा नसलेली. मोठा अ‍ॅटलस उभा उघडला की त्याच्यामागे हात दिसेनासे होतात, म्हणून तो आडवा, टेकूवरच वाचायचा असा नियम करा.

कॅमेऱ्याबाबत व्यवस्थापनाला एक गोष्ट सांगा. स्मायली ८ जून २००५ ला येलच्या बायनेकी ग्रंथालयात पकडला गेला. तिथे कॅमेरे होते, पण सुरुवात झाली ती एका कर्मचाऱ्याला जमिनीवर पडलेलं पातं दिसलं म्हणून. मग वाचकांची नावं पाहिली गेली, तो नकाशे विकतो हे लक्षात आलं आणि त्याच्यावर नजर ठेवली गेली. खोलीत फिरणारा माणूस आधी, त्याच्या मदतीला कॅमेरा. शिवाय चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं आणि चोरी अनेकदा वर्षांनी उघडकीस येते. त्या वेळी उपयोगी पडते ती मागणी चिठ्ठी: कोणी, कोणत्या दिवशी, कोणता खंड पाहिला. या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. वाचकांच्या गोपनीयतेचा नियम आड येत असेल तर निदान दुर्मीळ संग्रहापुरता अपवाद लेखी मंजूर करून घ्या.

दप्तरदार

खूप उपयोगी, आभार. नकाशांवर शिक्का मारावा का? आमच्याकडे यावर एकमत नाही. कागद खराब होतो असं एक मत, शिक्का नसेल तर मालकी कशी दाखवणार असं दुसरं.

होकायंत्र

मारावा. समासात नको, समास कापला जातो. नकाशाच्या पाठीवर, पुढच्या बाजूला कोरीव काम आहे अशा जागेच्या मागे, छोटा आणि वाचता येईल असा. शाई कायम टिकणारी आणि आम्लरहित, कागदातून पुढे न फुटणारी. आधी त्याच जातीच्या कमी मोलाच्या जुन्या कागदावर चाचणी घ्या. रासायनिक द्रव्याने धुतलेल्या शिक्क्याचा ठसा पुष्कळदा अतिनील प्रकाशात दिसतो, म्हणजे पुसण्याचा प्रयत्नही पुरावा ठरतो.

शिवणटाके

होकायंत्र, माझा इथे मतभेद आहे. एकूण संग्रहासाठी शिक्का ठीक, पण पातळ कागदावर आणि पाठीवरही रंग असलेल्या तावांवर नको. तिथे चांगले फोटो आणि पेन्सिलीची गुप्त खूण पुरते. एका मुद्द्यावर मात्र दोघांचंही एकमत असेल. ग्रंथालयाने दुबार प्रत विकली किंवा बदलून दिली, तर 'संग्रहातून वगळले' हा शिक्का आणि तारीख तिच्यावर हवीच. 'ग्रंथालयानेच काढून टाकलेली प्रत आहे' हा विक्रेत्यांचा नेहमीचा बचाव असतो, तो त्यानेच तपासता येतो.

जुनीतालिका

सगळे वाचकांबद्दलच बोलत आहेत. मोठे घाव आतल्या लोकांनी घातले आहेत. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हस्तलिखित विभागाचा प्रमुख आंदेर्स बुरियस यानेच दुर्मीळ ग्रंथ विकले. त्यातला विटफ्लिटचा १५९७ चा अ‍ॅटलस २०१२ मध्ये परत आला. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात दुर्मीळ दालनाचा सांभाळ करणाऱ्यानेच एका ग्रंथविक्रेत्याशी संगनमत करून पाव शतक पानं आणि पुस्तकं बाहेर नेली. २०१७ मध्ये विम्यासाठी मूल्यांकन झालं तेव्हा ते उघड झालं. किल्ली, तालिका आणि पडताळणी तिन्ही एकाच हातात असतील तर आत काय चाललं आहे हे तपासणारं कोणी उरत नाही.

त्यावर उपाय फारसे खर्चाचे नाहीत. भांडारात एकट्याने जायचं नाही, आणि किल्लीची वेळ लिहायची. तालिकेतली नोंद कोणी बदलली किंवा काढली हे संगणकात आपोआप नोंदलं जाऊ द्या आणि जुन्या कार्डांची प्रत दुसऱ्या विभागात ठेवा. पडताळणी विभागाबाहेरच्या माणसाने करावी, खंड त्यानेच चिठ्ठी टाकून निवडावेत, आणि खंड जागेवर आहे एवढ्यावर न थांबता पानवार यादीशी ताडून पाहावेत. दर तिमाहीला वीस खंड नीट तपासणं हे दहा वर्षांनी एकदा पुस्तकांचे कणे मोजण्यापेक्षा कितीतरी बरं. आपल्या विभागातला कर्मचारी त्याच विषयाची खरेदी-विक्री करत असेल तर ते लेखी जाहीर करण्याचा नियम हवा. यात कोणाचा अपमान नाही, प्रामाणिक माणसाला त्याने संरक्षणच मिळतं.

रेखांश

आराखड्यात शेवटचा भाग संशय आल्यावर काय करायचं याचा ठेवा, कारण घाईत इथेच सगळं बिघडतं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये बाल्टिमोरच्या पीबॉडी ग्रंथालयात गिल्बर्ट ब्लँड पान फाडताना सापडला. त्याने नुकसानीपोटी ७०० डॉलर दिले आणि त्याला जाऊ दिलं गेलं. त्याने टाकलेली वही नंतर पाहिली तेव्हा तीत इतर ग्रंथालयांची आणि नकाशांची नावं निघाली. पुढे त्याच्याशी जोडलेले नकाशे अडीचशेच्या घरात गेले. भरपाई घेऊन प्रकरण मिटवणं म्हणजे चोराला पुढच्या ग्रंथालयात पाठवणं.

संशय आला की एकट्याने अडवू नका. दुसऱ्या सहकाऱ्याला खुणेच्या शब्दाने बोलवा, माणूस नजरेआड होऊ देऊ नका, पोलिसांना कळवा. अडवण्याचा आणि झडती घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाला आहे हे आधीच वकिलाला विचारून लिहून ठेवा. टेबलावरचं काही हलवू नका. पातं, कागदाचे कपटे स्वच्छ कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. कापलेली कड शिवू किंवा चिकटवू नका, नकाशा सापडला की तीच जुळवायची आहे. चित्रण त्याच दिवशी वेगळं काढा, आणि त्या वाचकाने पूर्वी मागवलेला प्रत्येक खंड तपासा.

मग गप्प बसू नका. इतर नकाशा ग्रंथालयांना आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथविक्रेता संघाच्या चोरीच्या नोंदवहीला फोटोंसह कळवा, पोलिसांमार्फत इंटरपोलच्या यादीत घाला. नकाशा फार लवकर फार दूर जातो. २००७ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून टॉलेमीच्या १४८२ च्या आवृत्तीतले नकाशे गेल्याचं उघड झालं, त्यातला एक ऑस्ट्रेलियात मिळाला. नकाशा परत आला तर प्रत्येक यादीतली नोंद 'मिळाला' अशी बदलून घ्या, नाहीतर पुढे प्रदर्शनासाठी उसना दिला की तो तिथे चोरीचा म्हणून अडकेल.