नगरपरिषद एकट्या कलाकाराला अनुदान देते का?

झांजवाला:
तळकोकणातला आहे. दिवसा मोबाईल दुरुस्ती, जत्रांच्या हंगामात रात्री दशावतारात झांज. आमच्या कंपनीचे मृदुंगवाले तात्या आता ७४ वर्षांचे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते हे तुम्हाला माहीत आहेच. रंगपटात, म्हणजे रंगभूषेच्या खोलीत, कथा ठरते, संवाद जागच्या जागी. मग राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, तलवारीला हात घालायच्या आधी थाप कुठे पडते, हे कोणत्या वहीत सापडणार? ते तात्यांच्या हातात आहे, आणि थंडीत त्यांची उजव्या हाताची दोन बोटं उघडत नाहीत.

बारा प्रसंगांचं वादन रेकॉर्ड करायचं आहे. भाड्याचे माईक, एडिटिंग, तात्यांचं मानधन धरून ९० हजार. नगरपरिषदेत गेलो तर पहिला प्रश्न, "संस्था नोंदणीकृत आहे का?" मी एकटाच म्हटल्यावर, "मग महोत्सवात या, सत्कार करू." सत्कार गेल्या वर्षी झालाय. मिळालेली शाल तात्या पावसाळ्यात मृदुंगाला गुंडाळतात. कामी आली म्हणायची.

पेजेचोवाडगो:
झिला, त्येंका कागद व्हयो, तुझो मृदुंग नको.

निवृत्त लेखापाल:
पालिकेच्या लेखा विभागात २६ वर्षं काढली, म्हणून त्या कारकुनाची बाजूही सांगतो. व्यक्तीला 'अनुदान' म्हणून रक्कम दिली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि तो निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. त्यामुळे अनुदान हा शब्दच अर्जात लिहू नका. काम द्या म्हणा. 'शहरातील दशावतारी मृदुंगवादनाचे ध्वनिमुद्रण, बारा प्रसंग, एक प्रत नगर वाचनालयास.' सोबत दरपत्रक जोडा. मग कार्यादेश (काम करण्याचा लेखी आदेश) निघू शकतो आणि तुमचं बिल होतं.

दोन अडचणी आहेत. पैसे काम झाल्यावर मिळतात, तेही टीडीएस कापून. आणि अर्थसंकल्पात लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं खातं, नसेल तर मुख्याधिकारी सही करणार नाहीत. अर्थसंकल्प फेब्रुवारीत सभेपुढे येतो. म्हणजे डिसेंबरातच एखाद्या नगरसेवकाला गाठा, मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. नगरसेवकाला तात्यांच्या अंगणातच घेऊन जा, अर्ज नंतर दाखवा.

काजूबोंडू:
पालिकेच्या भरवशावर राहू नका. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप एकट्या माणसालाच मिळते: २५ ते ४० वयाला कनिष्ठ, महिना १० हजार, पुढच्यांना वरिष्ठ, २० हजार, दोन वर्षं. तात्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज मानधन योजना बघा, महिना ५ हजार. वयाची अट पन्नाशीची, उत्पन्नाचीही आहे. अजून अर्ज केला नसेल तर आधी तो करा, रेकॉर्डिंग नंतर.

झांजवाला:
लेखापाल साहेब, 'काम द्या' हे डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज पुन्हा लिहायला घेतलाय. माझं वय ३६, म्हणजे कनिष्ठ. आणि तात्यांच्या मानधनाचं मी कधी विचारलंच नाही याची लाज वाटली. आज विचारलं. दोनदा फॉर्म भरलेला, दोन्ही वेळा कार्यक्रमांचे पुरावे कमी पडले. पन्नास वर्षं वाजवलेल्या माणसाकडे पत्रिका कुठून असणार, जत्रेच्या पत्रिकेत मृदुंगवाल्याचं नाव छापतात का कधी?

कार्यादेशाची वाट बघत बसत नाही. येत्या रविवारी माझ्या मोबाईलवरच पहिला प्रसंग घेतो. फोन केला तर तात्या म्हणाले, "येतंस तर कणीक मळून घेवन ये, मृदुंगाच्या डाव्या बाजूक लावूक. घरात गव्हाचा पीठ नाय."