१४ बाय ११ च्या खोलीत सबवूफर कुठे ठेवू? स्पीकर कोणते घेऊ? (बेळगाव, बजेट ४५ हजार)

अनगोळकर
नमस्कार मंडळी. अनगोळमध्ये आमचं जुनं बैठं घर आहे. पुढची खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फुटांवर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. लांबीकडची एक भिंत शेजारच्या अक्कांच्या घराशी सामाईक आहे, पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर. भाऊ पुण्याला गेला तेव्हा त्याचा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा ॲम्प्लिफायर), १० इंची सबवूफर (सब, म्हणजे फक्त खोल बेसचा स्पीकर) आणि दोन छोटे स्पीकर इथेच राहिले.

सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकून मधोमध. काही दृश्यांत खिडकीचं तावदान थरथरतं, तर काही ठिकाणी सब चालू आहे की नाही तेच कळत नाही. आमच्या आबांना (वय ७६) संवाद नीट कळत नाहीत. ते आवाज वाढवायला सांगतात, वाढवला की बेस अंगावर येतो, आणि मग अक्का दार वाजवतात. त्यांचंही चुकत नाही.

सब कुठे ठेवू? दुसरा सब घेऊ का? स्पीकर कोणते? बजेट सगळं मिळून ४५ हजार, वर एक रुपयाही नाही. गौरीगणपतीच्या आधी लावायचंय.

टिळकवाडी_७.२
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. ४५ हजारांत होम थिएटर होत नाही. मी एसव्हीएस कंपनीचे दोन १२ इंची सब घेतले, रिसीव्हर आणि स्पीकर धरून दोन लाखांच्या वर गेलो, आणि एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. एक सब कुठेही ठेवा, खोलीत कुठे बेसचा डोंगर, कुठे खड्डा होणारच. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांचा २००२ चा शोधनिबंध याच विषयावर आहे, सबवूफर किती असले म्हणजे पुरे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब, हा त्यातला उत्तम मार्ग. थोडं थांबा, पैसे साठवा, पण दोनच घ्या.

निपाणीचा_साउंडवाला
अण्णा, १० इंचीनं काय होतंय ओ? आमच्या मंडळाचा डॉल्बी बघा की. १८ इंची बेस, छातीत बसतंय. लोकल बनवून घ्या, सागाच्या नव्हे, प्लायच्या पेटीत. लै स्वस्तात पडतंय. आम्ही १२ वर्षं वाजवतोय, एक कॉइल जळली नाही.

वायर_आणि_वेळ
निपाणीकर, आपल्याकडे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या सिस्टिमला डॉल्बी म्हणतात, पण धागाकर्त्याचा प्रश्न घरातल्या खोलीचा आहे. मिरवणुकीतले बेस उघड्यावर, लांबवर आवाज फेकायला बनवलेले असतात. सिनेमातलं २५-३० हर्ट्झचं खोल गुरगुरणं त्यांतल्या बऱ्याच पेट्यांना जमत नाही, आणि १५४ चौरस फुटांत तो जोरही नको.

आता मुद्दा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ४० हर्ट्झची लाट २८ फुटांची, म्हणजे तुमच्या १४ फुटांच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे लांबीत ४० हर्ट्झ घुमतो, आणि तो भिंतीपाशी सर्वांत जास्त. तुमचा सब समोरच्या भिंतीला, सोफा मागच्या भिंतीला, दोन्ही टोकं त्याच्याच तोंडात. रुंदी ११ फूट, तिथे हाच प्रकार ५१ च्या आसपास, पण त्याचा खड्डा बरोबर मध्यावर असतो आणि तुम्ही नेमके मधोमध बसलाय. म्हणून तावदान हलतं आणि पुढच्याच दृश्यात बेस गायब होतो. सब बिघडलेला नाही.

सोफा मागच्या भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे घ्या. तेवढ्याने निम्मं काम होईल, खर्च शून्य.

संकेश्वरची_लेक
वर लिहिलंय त्याला दुजोरा. शिवाय सबची जागा शोधायची एक युक्ती आहे, आम्ही करून बघितली. सब उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा. बेसचा एखादा संथ तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि भिंतीकडेने रांगत खोलीभर फिरायचं, कान सबच्या उंचीला. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील ती सबची जागा.

आमच्याकडे कोपऱ्यात नुसता घूं घूं होता. दारापासून चार फुटांवर, शिलाई मशीनच्या बाजूला, एकदम स्वच्छ. तेव्हाच कळलं की इतके दिवस सबचा म्हणून जो खरखराट वाटत होता तो फडताळातल्या पितळी डब्याच्या झाकणाचा होता. झाकणाखाली फडक्याची घडी ठेवली, थांबला.

खानापूर_पाऊसघर
जागा कुठलीही असो, जमिनीवर ठेवू नका. आमचं कौलारू घर, जून ते सप्टेंबर ओल. पहिल्या पावसाळ्यात माझ्या सबच्या कागदी कोनवर बुरशी आली. दुसऱ्या वर्षी मागच्या भोकातून उंदीर शिरला आणि आतला कापूस ओढून घरटं केलं. आवाज फाटायला लागला म्हणून उघडलं तर चार पिल्लं. १४ हजार पाण्यात. भोकाला बारीक जाळी लावा आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर वाजवा.

टिळकवाडी_७.२
जाळीने पोर्टचा, म्हणजे त्या भोकाचा, वारा अडतो, आवाज बिघडतो. बंद पेटीचा सब घ्या म्हणजे प्रश्नच नाही. लहान खोलीत बंद पेटीच चांगली.

खानापूर_पाऊसघर
वारा अडला तर अडू दे. तुमच्या घरात उंदीर नाहीत, आमच्यात आहेत.

हिंदवाडी_जुना
अवांतर: शीर्षकात बेळगावी लिहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच अधिकृत नाव आहे, कुरिअरवाले गोंधळ करतात.

चव्हाट_गल्ली
अवांतराला अवांतर: कुरिअरवाला पिनकोड बघतो. आम्ही घरात बेळगाव म्हणतो, धाग्यातही बेळगावच राहू दे.

हिंदवाडी_जुना
पत्त्याचं बोलतोय मी, अस्मितेचं नाही.

संपादक
दोघांनाही विनंती, नावावर वेगळा धागा आहे. इथे स्पीकरवर बोला.

चव्हाट_गल्ली
बोलतो. सबमधून सतत बारीक गुंईं येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. माझ्याकडे ती काढली की गुणगुण बंद, लावली की चालू. तो ५० हर्ट्झचा अर्थिंगचा घोळ असतो. एका इलेक्ट्रिशियनने उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापायला घेतली होती, मी हात धरला. ते कधीच करू देऊ नका, जिवाशी खेळ आहे. केबलच्या वायरीला आयसोलेटर मिळतो, तो लावून प्रश्न सुटला.

चिकोडीची_ऑडिओमावशी
सगळे सबवर तुटून पडलेत, पण आबांचं दुखणं वेगळं आहे. मी २० वर्षं श्रवणतपासणीचं काम केलं. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, आणि स, श, फ, त ही अक्षरं त्याच पट्टीत आहेत. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतोय रे, पण काय बोलला ते कळेना." आवाज वाढवून हे सुटत नाही. आधी आबांची तपासणी करून घ्या.

घरात सेंटर स्पीकर (टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा) हवाच, ५.१ मध्ये बहुतेक संवाद त्यातूनच येतात. तो टीव्हीखाली कपाटात कोंबू नका. पुढच्या कडेला आणा आणि किंचित वर, आबांच्या तोंडाकडे वळवा. रिसीव्हरमध्ये नाइट मोडसारखी सोय असेल तर चालू करा, मोठा आवाज आणि कुजबुज यांतलं अंतर कमी होतं.

वायर_आणि_वेळ
मावशींचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा. त्यात भर: टीव्हीहून रिसीव्हरला एआरसीने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरला देणारी एचडीएमआय जोडणी) जोडलं असेल तर टीव्हीचं ऑडिओ सेटिंग पीसीएमवर नाही ना बघा. तिथे बिटस्ट्रीम करा, नाहीतर रिसीव्हरला दोनच चॅनल मिळतात आणि सेंटरचे स्वतंत्र संवाद पोचतच नाहीत. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर स्मॉल, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बेस सबकडे जाईल. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर, म्हणजे दोनदा गाळणी लागणार नाही. शेवटी रिसीव्हरचं माइक लावून मोजमाप: डेनॉन असेल तर ऑडिसी, यामाहा असेल तर वायपीएओ.

आणि टिळकवाडीकर, दोन सबचा खरा फायदा अनेक जागांवर बेस सारखा पोचण्यात आहे. इथे मुख्य जागा एक, आबांची. एका जागेसाठी एक सब नीट बसवता येतो.

टिळकवाडी_७.२
घरात आबा एकटे राहत नाहीत. बाकीच्यांनी काय करायचं?

निपाणीचा_साउंडवाला
कोल्हापुरातनं घ्या, दर चांगला लावतात. पण वॉरंटीचं काम बेळगावात होतंय का ते आधी विचारा. माझा ॲम्प्लिफायर दीड महिना तिकडंच पडून होता.

अनगोळकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, मावशींचे विशेष. आबांची तपासणी झाली, दोन्ही कानांना यंत्र सुचवलंय. ४५ पैकी २४ हजार त्यासाठी बाजूला काढले.

उरलेल्यातून साडेतेरा हजारांचा एक सेंटर स्पीकर घेतला, बस. पुढे डावी-उजवीकडे भावाचेच छोटे स्पीकर. मागचे स्पीकर नाहीत, दुसरा सब नाही. सोफा पुढे ओढता आला नाही, आजीची कॉट तिथून हलत नाही.

रांगून बघितलं तेव्हा दाराजवळची जागा सर्वांत चांगली लागली होती, पण ती सामाईक भिंतीला लागून. म्हणून सब तिथे न ठेवता उलट्या बाजूला, आबांच्या खुर्चीच्या मागेच ठेवला, हातभर अंतरावर, रबराच्या चार गोळ्यांवर. कोणीच हे सुचवलं नव्हतं आणि मोजमापाला कदाचित पटणारही नाही. पण इतक्या जवळ असल्यावर तो अगदी हळू ठेवला तरी पुरतो. आधी आवाजाचं बटण घड्याळातल्या दोनच्या जागी होतं, आता खाली नऊच्या जागी.

काल रात्री सिनेमा चालू ठेवून मी अक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मांडणीवरच्या स्टीलच्या ताटांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता हलेनात बघ." घरी आलो तर आबांनी आवाज दोन अंकांनी कमी केलेला.

टिळकवाडी_७.२
आबांसाठी छान झालं. पण मागचे स्पीकर दिवाळीत घ्याच, सराउंडशिवाय अर्धाच सिनेमा ऐकताय तुम्ही.

खानापूर_पाऊसघर
सबच्या भोकाला जाळी लावली का?