फेस्ताच्या डब्यातलं चिकन: शेजारी कॅथलिक, खाणारा मुसलमान. चालतं की नाही?

सीमाभागवाला
खानापूर, लोंढा, बेळगावचा कॅम्प. या पट्ट्यात कोंकणी कॅथलिकांची आणि मुसलमानांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. नाताळ, फेस्त (चर्चच्या संताचा सण), लग्न आलं की डबे इकडून तिकडे जातात आणि दर वेळी तोच प्रश्न पडतो: कॅथलिक घरच्या माणसाने कापलेली कोंबडी शेजारच्या मुसलमानाने खावी का?

माझं मत सरळ आहे, खावी. कुराणाच्या पाचव्या सूरहमध्ये (अध्यायात), मायदामध्ये, पाचवीच आयत (वचन) आहे: ज्यांना ग्रंथ दिला गेला त्यांचं अन्न तुम्हाला हलाल, तुमचं त्यांना हलाल. ग्रंथधारी म्हणजे अहले किताब, अर्थात ज्यू आणि ख्रिस्ती. ‘अन्न’ म्हणजे भात-भाजी असं कुणी म्हणेल, पण भात-भाजी तर कुणाचीही चालते, त्यासाठी वेगळी परवानगी कशाला? पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी ‘त्यांचं अन्न म्हणजे त्यांनी जबह केलेलं (गळा कापून मारलेलं)’ असाच अर्थ सांगितला आहे. खैबरला ज्यू बाईने दिलेलं मेंढीचं मटण पैगंबरांनी तोंडात घातलं होतं. त्यात विष निघालं ही गोष्ट निराळी. जनावर कुणी कापलं, असं आधी विचारल्याचं कुठे येत नाही.

बोकड-कोंबडीपुरतंच बोलूया. गाय-बैलाचा विषय 2020 च्या कायद्याने कर्नाटकात तसाही बंद आहे. आणि 2022 च्या उगादीला हलालवरून जो गोंधळ झाला तो इथे आणू नका ही विनंती.

निपाणीचा_हनफी
पाचवी आयत सांगितलीत, दोनच आयती वरची तिसरी का गाळली? मेलेलं, रक्त, डुकराचं मांस, अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेलं, गळा आवळून मेलेलं, मार लागून मेलेलं, उंचावरून पडून मेलेलं, शिंग लागून मेलेलं, हे सगळं हराम. त्या यादीत ‘कापणारा मुसलमान असेल तर’ अशी अट नाही. म्हणजे मुसलमानाने मुंडी पिरगाळली तर हराम आणि ख्रिश्चनाने पिरगाळली तर हलाल, असं होत नाही.

दुसरं म्हणजे नाव. सहावी सूरह, आयत 121: ज्यावर अल्लाहचं नाव घेतलं नाही ते खाऊ नका. हनफी फिकहमध्ये (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार पंथांपैकी एक; शाफई, मालिकी हे दुसरे) नाव घ्यायला विसरला तर चालतं, मुद्दाम टाळलं तर ते मुर्दार, म्हणजे मेलेल्या जनावरासारखं हराम. ही अट कापणारा किताबी, म्हणजे ज्यू-ख्रिस्ती, असला तरी लागू. बेळगाव-निपाणीकडचे दख्खनी मुसलमान बहुतेक हनफी, तेव्हा इथे प्रश्न ‘कापणारा कोण’ एवढ्यावर सुटत नाही.

आता प्रत्यक्ष कापणं. गळ्यात चार गोष्टी बघायच्या: श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन बाजूंच्या दोन मोठ्या शिरा. इमाम अबू हनीफांच्या मते चारपैकी कुठल्याही तीन कापल्या पाहिजेत. सुरी बोथट असली की काय होतं? कातडं आणि श्वासनलिका कापली जाते, शिरा सरकून राहतात. रक्त धारेने येत नाही, झिरपतं. कोंबडी फडफडते म्हणून ‘झालं’ समजून टोपलीखाली टाकतात आणि ती तिथे घुसमटून मरते. अशी कोंबडी कापलेली दिसते, पण मेलेली असते दुसऱ्याच कारणाने.

कॅम्पकर_घरचा
कॅथलिक बाजूने सांगतो, कारण वर दोघांनीही आम्ही कसं कापतो ते गृहीत धरलंय.

चर्चचा कापण्याचा म्हणून काही विधी नाही. मंत्र नाही, दिशा नाही, माणूस ठरलेला नाही. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये, 15 व्या अध्यायात, रक्त आणि गळा दाबून मारलेलं वर्ज्य करा असं गैरयहुदी ख्रिस्त्यांना सांगितलं होतं, पण पश्चिमेकडच्या चर्चने ते पुढे कायमचा नियम म्हणून धरलं नाही. धरलं असतं तर गोव्याच्या सोरपोतेलमध्ये (डुकराच्या मटणाच्या रश्श्यात) डुकराचं रक्त आलंच नसतं.

घरी कोंबडी कापताना कुणी येशूचंही नाव घेत नाही आणि देवाचंही नाही. पंख पायाखाली, मान ताणून सुरी. एवढंच. काही घरांत मुंडी एका घावात वेगळी करतात. आणि खरं सांगायचं तर आता घरी कापतंय कोण? फेस्ताला दहा किलो लागलं की दुकानातूनच येतं, आणि बेळगावात दुकानदार बहुधा मुसलमानच. म्हणजे निम्म्या डब्यांचा वाद निघण्याआधीच मिटलेला असतो, फक्त कुणी विचारत नाही.

सीमाभागवाला
मुंडी एका घावात वेगळी झाली तर हनफी मतानेही मांस हराम होत नाही, कृत्य मकरूह (नापसंत) ठरतं. मागून, मानेकडून कापलं तरी तसंच, जीव जायच्या आत शिरा कापल्या गेल्या असतील तर.

आणि नावाबद्दल पैगंबरांच्या पत्नी आयेशांची हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे, बुखारीच्या संग्रहात: लोक मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं की नाही कळत नाही. उत्तर आलं, तुम्ही नाव घ्या आणि खा. याहून व्यवहारी उत्तर कुठलं?

निपाणीचा_हनफी
तीच हदीस पूर्ण वाचा की भाऊ. ते मांस आणणारे लोक नुकतेच मुसलमान झालेले होते. मुसलमानाबद्दल चांगलंच धरायचं, शंका काढत बसायचं नाही, एवढा तिचा अर्थ. इथे तर कॅम्पकर स्वतःच सांगतायत की नाव घेतच नाहीत. शंका उरलीच कुठे? शंकेचा फायदा शंका असेल तेव्हाच मिळतो.

घाटाखालचा_शाफई
कारवार-भटकळ, कोकण या किनाऱ्यावरचे मुसलमान शाफई आहेत, आणि आमच्याकडे हे गणित बरोबर उलटं बसतं. म्हणून लिहितोय.

शाफई मताने बिस्मिल्लाह म्हणणं, म्हणजे अल्लाहचं नाव घेणं, सुन्नत: चांगलं, पण सक्तीचं नाही. राहिलं तरी मांस हलाल. निपाणीकरांचा मुख्य आक्षेप आमच्याकडे पडतो. पण किताबी कोण, याची अट आमच्याकडे कडक आहे. बनी इस्राईल वंशाचा नसेल तर त्याचे पूर्वज तो धर्म रद्द होण्याआधी, म्हणजे इस्लाम येण्यापूर्वी, त्यात आलेले असले पाहिजेत. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. इकडच्या कॅथलिक घराण्यांचं धर्मांतर त्यानंतरचं. या अटीत ते बसत नाहीत. याचं मूळ पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्या मतात सापडतं: बनू तगलिब या अरब ख्रिस्ती टोळीचं कापलेलं खाऊ नका, त्यांनी ख्रिस्ती धर्मातलं दारू पिण्यापलीकडे काही घेतलेलं नाही.

म्हणजे तीच कोंबडी, तोच कापणारा. घाटावरचा हनफी म्हणतो घराणं कुठलंही असो, नाव घेतलं का? घाटाखालचा शाफई म्हणतो नावाचं राहू दे, घराणं कुठलं?

सीमाभागवाला
बनू तगलिबवर इब्न अब्बासांचं मत अलींच्या विरुद्ध आहे, तेही सांगा. जो ज्यांच्यासोबत जातो तो त्यांच्यातलाच, असं आयतीवरून काढून त्यांनी त्यांचं कापलेलं चालवलं. हनफींनी तेच उचललं. 1510 चा हिशेब बेळगावात लावायची गरज नाही.

शिवाय सैल मतं नवी नाहीत. अंदलुसचे मालिकी काझी अबू बक्र इब्न अल-अरबी (मृत्यू 1148) यांना विचारलं होतं: ख्रिस्ती माणूस कोंबडीची मान पिळून मारतो आणि शिजवतो, खावी का? ते म्हणाले खा, ते त्याचं आणि त्याच्या पाद्र्यांचं अन्न आहे. 1903 मध्ये इजिप्तचे मुफ्ती मुहंमद अब्दुह यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या मुसलमानांना तसंच उत्तर दिलं. तिथले ख्रिस्ती बैलाला कुऱ्हाडीने मारून मग कापायचे, नावही घेत नसत.

निपाणीचा_हनफी
इब्न अल-अरबींचा हा दाखला प्रत्येक वादात येतो आणि दर वेळी अर्धाच येतो. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी त्यांनीच लिहिलंय की गळा आवळून, डोकं ठेचून मारलेलं ते खात असले तरी आपल्याला ते मुर्दारच. पाकिस्तानचे हनफी मुफ्ती तकी उस्मानींनी हा विरोध नेमका दाखवून दिलाय. स्वतःच्याच पानांत परस्परविरोधी असलेलं मत घेऊन फेस्ताला जायचं का? अब्दुहंच्या फतव्यावर इजिप्तमध्येच केवढा गदारोळ झाला होता.

फेस्ताचीही वेगळी गोष्ट आहे. चर्चसाठी, सणासाठी म्हणून जे कापलं जातं ते इमाम मालिकांनी मकरूह धरलं. संताच्या नावाने नवस बोलून बोकड कापला असेल तर तो थेट ‘दुसऱ्याच्या नावाने’ यात जातो. पाहुण्यांसाठी कापला असेल तर नाही. डब्याच्या झाकणावर हे लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

खाटीकगल्ली
सगळे ग्रंथ झाले, आता दुकानात काय चाललंय ते बी बगा. मुसलमानाचं दुकान म्हटलं की डोळे झाकून हलाल धरतायसा, ते बी बरोबर न्हाई.

रविवारी गर्दी आसली की एका पाठोपाठ चार कोंबड्या कापतात, तकबीर, म्हंजे अल्लाहचं नाव, पहिल्या कोंबडीलाच. हनफी हिशोबानं एकामागून एक कापलं तर दर कोंबडीला वेगळं नाव पायजे, पहिल्याचं नाव दुसऱ्याला लागत न्हाई. मग कापली की रक्त जाऊ द्यायला शंकूत दोन मिनिटं उलटी ठेवायची. ती दोन मिनिटं कोण थांबत न्हाई. जीव आसतानाच साठेक डिग्रीच्या पाण्यात गेली तर ती भाजून-बुडून मेली, कापून न्हाई. वळखायचं कसं? मानेजवळ आणि पंखांच्या टोकाला लालभडक डाग, आणि चिरल्यावर हृदयात, यकृतात गोठलेलं रक्त जास्त. नीट रक्त गेलेली कोंबडी फिकट दिसते.

आणि हिंदू खाटकाकडचं बकरं? आपल्याकडं जुन्या गावात मुलाणीच सुरी फिरवायचा, मराठ्यांच्या बकऱ्यावर बी. सोलायचा खाटीक, कापायचा मुलाणी. म्हणून आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधी इचारलाच न्हाई.

निपाणीचा_हनफी
खाटीकगल्ली, शंभर टक्के मान्य. दुकानदाराच्या शब्दाबद्दल एक जोडतो. हिदाया या हनफी ग्रंथात उदाहरण आहे: मजूसी, म्हणजे अग्निपूजक नोकराला मांस आणायला पाठवलं आणि तो म्हणाला ज्यूकडून, ख्रिश्चनाकडून किंवा मुसलमानाकडून घेतलं, तर खायला हरकत नाही. स्वतः त्या नोकराने कापलेलं मात्र चालत नाही. म्हणजे खरेदीच्या बाबतीत बिगरमुसलमानाचा शब्दही धरतात. कॅथलिक शेजारी म्हणाला की अमक्या मुल्लाच्या दुकानातून आणलंय, तर तेवढं पुरे. बिल मागायची गरज नाही.

अलिबागकडचा
ज्यूंची बाजू कुणीच घेतली नाही. रायगड-ठाणे-मुंबईकडचे बेने इस्राईल, जुने शनवार तेली, मराठीच बोलतात. त्यांच्या पद्धतीपुढे वरचे बरेच आक्षेप गळून पडतात.

कोशेरमध्ये कापणारा शोखेत शिकलेला आणि मान्यता मिळालेला असावा लागतो. सुरीला टोक नसतं आणि प्रत्येक वेळी नखावर घासून तपासतात, केसाएवढी खाच सापडली तरी ती चालत नाही. पाच चुकांनी मांस बाद होतं: मधे थांबणं, दाबून कापणं, पातं कातड्याखाली किंवा पिसांत लपणं, ठरलेल्या जागेच्या बाहेर जाणं, नळ्या कापण्याऐवजी उपटल्या जाणं. आधी बेशुद्ध करत नाहीत. मग फुप्फुसं तपासायची, मांस अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात, तीनदा धुवायचं. यकृत मिठाने भागत नाही, विस्तवावरच भाजावं लागतं. इतकी काटेकोर पद्धत हलालमध्येही नाही.

अडचण एकच राहते, निपाणीकरांसाठी. ईश्वराचं नाव असलेला आशीर्वाद सलग कापताना एकदाच म्हणतात, जनावरागणिक नाही. शाफईंना ही अडचण नाही, आणि बनी इस्राईल म्हटल्यावर पूर्वजांची अटही लागू होत नाही. मात्र कोशेर म्हणजे सगळंच हलाल असं धरू नका. कोशेर स्वयंपाकात वाइन चालते. उलट उंट आणि ससा सुन्नी मुसलमानांकडे हलाल, कोळंबीवर निदान चर्चा तरी होते, कोशेरमध्ये तिन्ही थेट बाद.

सीमाभागवाला
बेळगावात शोखेत कुठला? पण मुद्दा चांगला काढलात, कारण आयत दोघांनाही एकाच ओळीत परवानगी देते आणि प्रत्यक्षात फरक एवढा आहे. ज्यूंच्या बाबतीत माझं मत भक्कम होतं. कॅथलिक घरात कुणी नावच घेत नाही हे कॅम्पकरांनी सांगितल्यावर हनफी माणसाला मी आता ‘खा’ असं बिनधास्त सांगणार नाही. मालिकी मत घेणाऱ्याला सांगेन.

कॅम्पकर_घरचा
एवढं सगळं ऐकल्यावर यजमानाने करायचं काय ते सांगा. शेजाऱ्यांना वगळून फेस्त होत नाही.

निपाणीचा_हनफी
कोंबडी मुल्लाकडून कापून आणा, जमलं तर स्वतः उभं राहून. काफ्रियालमध्ये (हिरव्या मसाल्याच्या चिकनमध्ये) रम घालत असाल तर आमचा वाटा आधी काढा. सान्ना (तांदळाच्या इडल्या) माडीवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, फुगवता की यीस्टवर, ते सांगा. व्हिनेगरचं आमच्याकडे अडत नाही, दारूचं व्हिनेगर झालं की ते व्हिनेगरच. भांड्यांबद्दल अबू सअलबा यांची हदीस आहे: दुसरी मिळाली तर ग्रंथधाऱ्यांच्या भांड्यात खाऊ नका, नाही मिळाली तर धुवा आणि खा. सोरपोतेलचं पातेलं असेल तर तीनदा नीट धुवून घ्या, पुरे.

घाटाखालचा_शाफई
शाफई पाहुणा असेल तर तीनवर थांबू नका. डुक्कर शिजलेलं पातेलं सात वेळा, त्यातलं एकदा मातीने. सरळ वेगळं पातेलं ठेवा.

खाटीकगल्ली
आणि सुरी? डुकराला वापरलेलीच सुरी कोंबडीला लावतायसा का, ते कुणी इचारलंच न्हाई की.