गोव्याच्या उकाड्यावर भूमिगत पाइपांतील हवेचा उपाय चालेल का?

मूळ विषय (पेडणे):
आमच्या देवस्थानाचे सभागृह नव्याने बांधायचे आहे. एसीऐवजी तीन-चार मीटर खोल पुरलेल्या पाइपांतून पंख्याने हवा खेचून ती सभागृहात सोडावी, असे मी समितीपुढे मांडले आहे. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या संकुलात अशीच व्यवस्था असून, तेथील उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक असतो.

प्रतिसाद (फोंडा):
तेथील उन्हाळा कडक असतो, म्हणूनच तेथे हा उपाय चालतो. एवढ्या खोलीवर मातीचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिरावते. हरियाणात हिवाळ्याच्या थंडीमुळे ही सरासरी खाली येते आणि मे महिन्यातील चाळीस अंशांवरची हवा जमिनीखाली बरीच उष्णता टाकू शकते. गोव्यात थंडी जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे आपली सरासरी सत्तावीस अंशांच्या आसपास राहते. मे महिन्यात दुपारची ३३ अंशांची आणि ६५ टक्के आर्द्रतेची हवा पाइपातून २९ अंशांवर आली, तरी तिच्यातील बाष्प तेवढेच उरते आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. घाम वाळणार नसेल तर चार अंश उतरल्याचा लग्नाला जमलेल्या माणसांना काय उपयोग?

मूळ लेखकाचे उत्तर:
चार अंश क्षुल्लक नाहीत. भरलेल्या सभागृहात ताजी हवा घ्यावीच लागते. ती ३३ ऐवजी २९ अंशांवर मिळाली, तर पुढे एसी लावावा लागला तरी त्याच्यावरचा भार हलका होईल.

प्रतिसाद (सांगे):
या चर्चेत पावसाळा कोणी विचारातच घेतलेला नाही. आमच्याकडे जुलैत विहिरी काठोकाठ भरतात आणि चिऱ्याच्या जमिनीतून पाणी वाट काढत राहते. सांधा किंचित जरी सुटला तरी पाइपात पाणी साचेल, बुरशी धरेल आणि तीच हवा लोकांच्या नाकात जाईल. पाइपांना उतार, पाणी उपसण्याचा खड्डा आणि साफसफाईसाठी झाकणे, एवढे सर्व आराखड्यात दाखवले आहे काय?

प्रतिसाद (फोंडा):
एसीचा भार हलका होईल, हे मला मान्य आहे. मात्र केवळ तेवढ्यासाठी चिरा फोडून चर खणण्याचा खर्च मला पटत नाही. त्याच पैशांत पत्र्याऐवजी मंगलोरी कौले, त्याखाली लाकडी माळा आणि भोवती रुंद पडवी घ्यावी, म्हणजे दुपारी समुद्राकडून येणारा वारा आरपार वाहील. समितीने आधी छपराचा निर्णय घ्यावा.