कायदेमंडळाच्या कर्मचाऱ्यांना सार्वजनिक पैशातून बोनस द्यावा का?

विचारणा

कायदेमंडळातील सदस्यांच्या कार्यालयांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना वर्षअखेरीस करदात्यांच्या पैशातून बोनस देणे कितपत योग्य आहे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. खासगी कंपनीत बोनस नफ्यातून निघतो. कायदेमंडळाला नफा नसतो आणि तेथील कामाचे सर्वमान्य मापही नसते. मग हा बोनस नेमका कशाबद्दल द्यायचा? दुसरीकडे, विधेयकाच्या मसुद्यातील त्रुटी शोधणारी, अर्थसंकल्पी मागण्यांची छाननी करणारी आणि नागरिकांच्या तक्रारींचा महिनोन्‌महिने पाठपुरावा करणारी माणसे तुटपुंज्या पगारावर राबतात, हेही मला दिसते. करदाता म्हणून कोणती बाजू घ्यावी, हे ठरत नाही.

प्रतिसाद १

बोनस आणि पगारवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत, असे मला वाटते.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे उदाहरण घ्या. तेथे प्रत्येक सदस्याला कार्यालय चालवण्यासाठी वार्षिक निधी मिळतो आणि त्यातूनच पगार, प्रवास, टपाल असे सगळे खर्च भागवावे लागतात. कायम कर्मचारी जास्तीत जास्त 18 ठेवता येतात आणि कोणाला किती वेतन द्यायचे, हे ठरावीक मर्यादेत सदस्यच ठरवतो. उरलेली रक्कम सदस्याला स्वतःसाठी घेता येत नाही. म्हणून वर्ष संपताना शिल्लक निधीतून कर्मचाऱ्यांना एकरकमी वाढीव वेतन देण्याची पद्धत पडली. म्हणजे बोनस किती मिळणार, हे कामाइतकेच निधी किती उरला यावर अवलंबून असते, आणि एखादे पद सहा महिने रिकामे राहिले तरी निधी उरतो. त्या रिकाम्या पदाचे काम ज्यांनी ओढले त्यांना त्याचा मोबदला मिळावा, हे खरे. पण तो मिळेलच याची हमी या पद्धतीत नाही, आणि मध्येच नोकरी सोडणाऱ्याच्या हाती तर काहीच लागत नाही. म्हणून मी बोनसच्या विरोधात आणि निश्चित, चांगल्या वेतनश्रेणीच्या बाजूने आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. वेतन वाढवण्याआधी नेमणुकीचे नियम घट्ट करा, एवढी अपेक्षा करदात्याने ठेवली तर त्यात गैर काय? सदस्य स्वतःच्या मर्जीने माणसे नेमतो, तेव्हा वाढीव पगार नातेवाइकांच्या घरी जाण्याची शक्यता असते. फ्रान्समध्ये 2017 साली कायदा करून संसद सदस्यांना आपला जोडीदार, आईवडील किंवा मुले यांना सहायक म्हणून नेमण्यास बंदी घालावी लागली. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाचे प्रकरण उघडकीस आल्यावर 2009 च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. आज तेथील खासदारांच्या कर्मचाऱ्यांचे वेतनपट्टे आणि नोकरीच्या करारांचे नमुने हेच प्राधिकरण ठरवते. माणूस निवडण्याचा अधिकार मात्र खासदाराकडेच राहिला आहे. अशी व्यवस्था असेल, तर वाढीव वेतनाला माझा विरोध नाही. ती नसताना बोनस देणे मात्र मला सदस्याच्या मर्जीचे बक्षीस वाटते.

प्रतिसाद ३

मी पाच वर्षे एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात संशोधन सहायक होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अधिवेशनाच्या काळात विधेयकाची प्रत संध्याकाळी हाती येई आणि सकाळी त्यावर टिपण तयार लागे. एका विधेयकावर आमच्याकडे दुरुस्ती सूचना कलमवार, नीटनेटक्या टंकलिखित होऊन आल्या. त्या एका उद्योगसमूहाच्या वकिलांनी तयार केलेल्या होत्या. त्या तपासण्याइतका अनुभव असलेला आमचा ज्येष्ठ सहकारी दोन महिन्यांपूर्वीच, जवळपास दुप्पट पगारावर, सल्लागार कंपनीत गेला होता. उरलेल्या आम्हा दोघांनी जमेल तेवढे वाचले. काय निसटले असेल, याची रुखरुख मला आजही आहे.

कमी पगाराची खरी किंमत ही आहे. सदस्याकडे स्वतःची जाणकार माणसे नसली, की माहितीसाठी त्याला मंत्रालयाच्या किंवा हितसंबंधी गटांच्या दारात जावे लागते. अमेरिकी काँग्रेसने 1972 साली तंत्रज्ञानविषयक सल्ल्यासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापले आणि खर्चकपातीत 1995 साली ते बंद केले. ते बंद झाल्यावर त्यातले बरेचसे ज्ञान बाहेरून आणावे लागले.

अगदी कमी पगाराचा आणखी एक परिणाम होतो: घरचा आधार असलेली मुलेच या कामात टिकतात. प्रतिनिधिगृहाने 2022 च्या सप्टेंबरपासून कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला किमान 45,000 डॉलर वेतन ठरवले. त्याआधी, 2021 मध्ये, कर्मचाऱ्यांचे वेतन सदस्यांच्या वेतनापेक्षा जास्त असू नये, हे बंधन काढण्यात आले. सदस्यांचे वेतन 2009 पासून 1,74,000 डॉलरवर थांबले आहे आणि त्यामुळे अनुभवी कर्मचाऱ्यांचाही मार्ग अडला होता. हे दोन्ही बदल मला बोनसपेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात.

विचारणाकर्ता

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३ मधील अनुभव वाचून माझे मत वेतनवाढीच्या बाजूने झुकले आहे, मात्र प्रतिसाद २ मधील अट मी सोडणार नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा खर्च दर तिमाहीला कर्मचाऱ्यांच्या नावानिशी प्रसिद्ध होतो. एकरकमी रक्कम द्यायचीच असेल, तर ती कोणत्या जादा कामाबद्दल दिली, हेही त्याच नोंदीत लिहिण्याचे बंधन असावे.